दुखत्या कंबरेचा दिनक्रम

कंबरदुखीवर सल्ला न देणारा माणूस पुण्यात शोधून सापडायचा नाही. रिक्षावाले मागे वळूनही न बघता एरंडेलाचं माप सांगतात. टेकडीवर भेटणारे निवृत्त काका चालता चालता थांबून आसन करून दाखवतात, आणि ते आपल्याला येत नाही याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. ऑफिसातला मित्र त्याच्या फिजिओचा नंबर पाठवतो. आणि उसण भरली की घरातलं एखादं वयस्कर माणूस अजूनही पायाळूची चौकशी करतं. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने पाठीवर हलकीशी लाथ मारली, किंवा नुसता पाय फिरवला, की उसण निघते असा आपल्याकडचा जुना समज. या उपायाची कीर्ती टिकली याचं कारण सोपं आहे. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपली आपण निघते. तोवर जो शेवटचा उपाय केला असेल त्याच्या पदरात श्रेय पडतं, मग ती लाथ असो, मलम असो की महागडं इंजेक्शन.

हे पुस्तक त्या उसणीबद्दल नाही. आपोआप जायला हवं होतं आणि गेलं नाही, अशा दुखण्याबद्दल ते आहे. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या कंबरदुखीला वैद्यकात दीर्घकालीन म्हणतात. तीन महिने ही तशी सोयीसाठी आखलेली रेघ. पण ती ओलांडलेल्या माणसाला तिचा अर्थ कळलेला असतो. तोवर 'आता कसं आहे?' असं विचारणारे थांबलेले असतात. सुट्ट्या संपलेल्या असतात. घरात पट्टा, शेकायची पिशवी, तीन प्रकारची तेलं आणि दोन डॉक्टरांच्या फायली जमलेल्या असतात. जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा 'द लॅन्सेट रूमॅटॉलॉजी'त २०२३ साली आलेला अंदाज आहे, आणि माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांत हे दुखणं जगभर पहिल्या क्रमांकावर आहे. पण आकड्यांनी कुणाची कंबर सैल होत नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

तीन महिन्यांनंतर बहुतेक जण एकच प्रश्न धरून बसतात: नक्की बिघडलंय काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिळवायला आपण एमआरआयच्या मशीनमध्ये जातो आणि रिपोर्ट घेऊन बाहेर येतो. रिपोर्टात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी झिजली आहे, थोडी बाहेर आली आहे, असं लिहिलेलं असतं. गुन्हेगार सापडला असं वाटतं. आता २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक आढावा पाहा. ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा लोकांच्या मणक्यांची चित्रं त्यात एकत्र तपासली होती. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्क्यांत, ऐंशीत ९६ टक्क्यांत. पन्नाशीच्या ६० टक्के लोकांची गादी फुगलेली होती, आणि ती मंडळी मजेत होती. याचा अर्थ एमआरआय खोटं बोलतो असा नाही. केस पांढरे होतात तशा गाद्या झिजतात, आणि झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही. कंबरदुखीच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ जणांत एका ठरावीक रचनेवर बोट ठेवता येत नाही. हे डॉक्टरांना माहीत असतं. फक्त ओपीडीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना ते समजावून सांगायला वेळ नसतो, आणि रुग्णालाही 'काही सापडलं नाही' हे ऐकायचं नसतं. 'मणक्यात गॅप आहे' हे ऐकून तो निदान घरी काहीतरी सांगू शकतो.

मग दुखतं का? मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्था सावध राहते. सोसायटीत एकदा चोरी झाली की वॉचमन पुढचे सहा महिने दूधवाल्यालाही अडवतो, तसं. वाकणं, उठणं, खोकणं या रोजच्या हालचालींनाही ती हटकते. आणि ते दुखणं खरं असतं. 'मनाचं आहे' म्हणणाऱ्यांना या पुस्तकाच्या लेखकांनी जागोजाग उत्तर दिलं आहे. मला तेवढ्या सभ्यपणे ते जमलं नसतं.

खुब्याची गोष्ट वेगळी, आणि या पुस्तकात तिला स्वतंत्र जागा मिळाली याचा मला विशेष आनंद आहे. आपल्याकडे बरगडीच्या खालपासून मांडीच्या वरपर्यंत सगळ्याला 'कंबर' म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे खुबा बिचारा वर्षानुवर्षं कंबरेच्या नावाखाली शेकला जातो. नेमकं कुठे दुखतं हे बोटाने दाखवायला सांगितलं तर बराच उलगडा होतो. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा पुढून, जांघेत जाणवतं. कधी ते मांडीतून उतरून थेट गुडघ्यात बोलतं, आणि गुडघ्याचे फोटो काढून झाले तरी काही सापडत नाही. कुल्ल्यात मागे दुखत असेल तर बरेचदा मूळ कंबरेत असतं. खुबा दुखणारा माणूस बोट दाखवत नाही. अंगठा मागे आणि बोटं जांघेकडे अशी पंज्याची कमान करून बाजूला धरतो. मोजे घालताना, रिक्षात चढताना, मांडी घालताना अडत असेल तर खुब्याकडे बघायला हवं. मांडी घालता येईनाशी होणं ही मराठी घरात साधी गोष्ट नाही. पंगत, सत्यनारायण, भजन, सगळीकडे मग आपल्यासाठी एक खुर्ची मांडली जाते आणि माणूस अकाली 'आजोबा' होतो.

तरुणांच्या खुब्यात आणि कंबरेत दोन गोष्टी हमखास निसटतात. एक, खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरणं. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स आणि दारू ही त्याची मोठी कारणं. नाव-पत्ता नसलेल्या 'सांधेदुखीच्या पुड्यां'त स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा पुडीने दोन दिवसांत जादू झाली तर आनंदाऐवजी शंका घ्यावी. दुसरी, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. पंचविशीतला मुलगा, पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते, सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी असते आणि चालल्या-फिरल्यावर सुटते. विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं हे दुखणं सूज आणणाऱ्या विकाराचं आहे. त्याचा एचएलए-बी२७ या जनुकाशी संबंध १९७३ सालीच सापडला, औषधंही आता चांगली आहेत, पण निदानालाच कित्येकदा वर्षं जातात. तोवर घरचे म्हणत असतात, दिवसभर लॅपटॉपवर बसतोस म्हणून होतं.

आणि खुबा पूर्ण झिजला असेल तर बदलता येतो. इंग्लंडमध्ये सर जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये हे रोपण आजच्या रूपाच्या जवळ आणलं. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी १९६५ साली रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून या शहराची ओळख हाडांच्या उपचारांशी जोडली गेली आहे. नव्या खुब्याने जितकी माणसं पुन्हा पर्वती चढली, तितकं यश कंबरेच्या शस्त्रक्रियेला नुसत्या दुखण्यासाठी कधीच मिळालेलं नाही. पायात ताकद कमी होत असेल, नस खरोखर चेपली असेल, तर कंबरेची शस्त्रक्रियाही मोलाची. पण 'एकदाचं कापून टाका' ही विनंती खुब्याबाबत कधीकधी शहाणपणाची असते, कंबरेबाबत क्वचितच.

आता ज्या गोष्टीसाठी ही प्रस्तावना लिहायला मी लगेच हो म्हटलं तिच्याकडे येतो. दुखत असताना जगायचं कसं, याची दोन मोठी उत्तरं पुण्यातच तयार झाली. एक शिवाजीनगरच्या योगवर्गात, दुसरं नाना पेठेच्या भुसार बाजारात.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. डॉ. व्ही. बी. गोखले या शल्यचिकित्सकांच्या पुढाकाराने डेक्कन जिमखान्यावर सहा महिने योग शिकवायला त्यांना बोलावलं होतं. लहानपणापासून मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी पोखरलेलं शरीर, मराठी येत नव्हतं, आणि शिकणारे त्यांच्याहून धट्टेकट्टे. ते सहा महिने २०१४ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत लांबले. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन त्यांना भेटले आणि पुढे अय्यंगार जगाला माहीत झाले. १९६६ च्या त्यांच्या 'लाइट ऑन योगा'ची पुढे 'योगदीपिका' झाली. पण मला त्यांची सर्वांत मोठी कामगिरी पुस्तकातल्या त्या अशक्य छायाचित्रांत दिसत नाही. ती दिसते १९७५ साली पत्नीच्या नावाने उभारलेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेतल्या फडताळात. तिथे लाकडी ठोकळे आहेत, पट्टे आहेत, लोड आहेत, घोंगड्या, पाठीचा भाग काढून टाकलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या, भिंतीत अडकवलेले दोर, उभं राहून टेकण्यासाठी लाकडी घोडा.

त्रिकोणासनात हात जमिनीला टेकत नाही, तर शिक्षक काय म्हणणार? 'हळूहळू टेकेल, आणखी वाका.' अय्यंगारांनी हाताखाली ठोकळा ठेवला. जमीन वर आणली. खुबा आखडलेल्या माणसाला दोराला टांगून, कंबरेवरचा भार काढून, पाठ लांब होणं म्हणजे काय याचा अनुभव दिला. ज्याला उभं राहवत नाही त्याला खुर्ची. आसन माणसासाठी बदललं. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातात खुद्द अय्यंगारांच्या पाठीला आणि खांद्यांना दुखापत झाली. साठीच्या उंबरठ्यावर त्यांना साधी आसनंही नव्याने शिकावी लागली आणि त्यासाठी त्यांनी हीच साधनं वापरली. पुण्यात दुचाकीवरून पडणं ही इतकी सार्वत्रिक घटना आहे की योगाचार्यांनाही ती चुकली नाही.

या पद्धतीची परीक्षा परदेशात झाली. अमेरिकेत कंबरदुखीच्या ९० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना २४ आठवडे अय्यंगार पद्धतीने शिकवलं, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले: दुखणं कमी, हालचाल जास्त, उदासी कमी. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो इंग्लंडमधला प्रयोग, २०११ साली प्रसिद्ध झालेला. ३१३ माणसं, त्यांतल्या सुमारे निम्म्यांना १२ आठवड्यांचे वर्ग. वर्षभराने पाहिलं तेव्हा योग केलेल्यांची पाठ कामाला बरी चालत होती. पण दुखण्याच्या आकड्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. हा निष्कर्ष वाचून पुष्कळ जण निराश होतात. मी झालो नाही. दुखणं तेवढंच राहून जर माणूस जास्त चालू शकत असेल, बाजारातून भाजी आणू शकत असेल, नातवाला उचलू शकत असेल, तर त्याच्या दिवसात बरंच काही परत आलेलं असतं. हे पुस्तक वाचताना वाचकाने 'दुखणं किती कमी झालं?' याच्या जोडीला 'या आठवड्यात काय करता आलं?' हेही विचारावं अशी त्याची सगळी रचना आहे.

दुसरं उत्तर पेठेतलं. नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. बाबा आढावांकडे भुसार बाजारातले हमाल येत. अंग दुखतं, पाठ दुखते, गोळी द्या. त्या काळी पोतं शंभर किलोचं असे, आणि ते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. अशा पाठीला गोळी देऊन काय होणार? डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच असतील, पण त्यांनी हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी केली. मजुरी, सुट्टी, म्हातारपणाची सोय, हे सगळं त्या लढ्यात होतं. १९६९ चा माथाडी कायदा याच काळातला. आणि पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणा ही मागणीही होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवली होती. म्हणजे आपला हमाल जवळजवळ दोन माणसांचं ओझं पाठीवर घेत होता, आणि त्याला आपण कंबर जपण्याचा सल्ला देत होतो.

अय्यंगारांनी जमीन वर आणली, हमालांनी पोतं खाली आणायला लावलं. दोन्हींत शरीराला दोष न देता शरीराभोवतीची गोष्ट बदलली आहे. कंबरदुखीवरच्या बहुतेक पुस्तकांत पहिली गोष्ट कशीबशी असते आणि दुसरी नसतेच. जणू कंबर फक्त बसून काम करणाऱ्यांनाच असते. घराघरांतून कचरा गोळा करणाऱ्या बायका, ज्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली, त्यांच्या कंबरेबद्दल हिंजवडीच्या आयटीवाल्यांच्या कंबरेपेक्षा कितीतरी कमी लिहिलं गेलं आहे. त्या जिने चढतात, वाकतात, बादल्या उपसतात, आणि 'दोन दिवस आराम करा' हा सल्ला त्यांना दोन दिवसांच्या कमाईला पडतो.

आरामाचंही एक सांगून टाकतो. १९८६ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला: नव्याने कंबर धरलेल्या काही जणांना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, काहींना सात. बरं होण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाले कामावर लवकर परतले एवढंच. तेव्हापासून 'अंथरूण धरा' हा सल्ला मागे पडत गेला आहे, पण आपल्याकडे अजून गेलेला नाही. लाकडी फळीवर झोपायचंही तसंच. कडक गादीपेक्षा मध्यम गादी बरी, असं २००३ मध्ये स्पेनमधल्या चाचणीत दिसलं, तरी फळ्या पलंगाखालून निघायला तयार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीवर मार्गदर्शन काढलं. त्यात दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, मानसोपचाराची मदत यांना जागा आहे. कंबरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन मात्र नित्याच्या उपचारात नकोत म्हटलं आहे. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात दर्शनी भागाला टांगलेलं काय असतं ते आठवून पाहा.

या पुस्तकातलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण स्वयंपाकघराचं आहे. ओट्याशी तासभर पोळ्या लाटायच्या आणि कंबर भरून येते. उपाय असा: ओट्याखाली एक पाट ठेवायचा, त्यावर एक पाय, थोड्या वेळाने दुसरा. कंबरेचा बाक थोडा सुटतो, आणि मुख्य म्हणजे एकाच स्थितीत राहणं मोडतं. कणीक बसून मळायची, पोळ्या दोन हप्त्यांत, कुकर उचलायचा तो पोटाशी धरून. यात नवं काही नाही. पण हे लिहून ठेवायला कुणाला सुचलं नव्हतं. त्याच प्रकरणात दिवाळीचं पान आहे. बरेच दिवस दुखत असतं, मग एक दिवस बरं वाटतं, आणि त्या एका दिवशी माळे झाडायचे, डबे घासायचे, चकल्यांचा सोऱ्या दाबायचा. पुढचे चार दिवस आडवं. पुन्हा बरं वाटलं की पुन्हा तेच. दीर्घकालीन दुखणं असलेला जवळजवळ प्रत्येक माणूस या फेऱ्यात सापडलेला असतो. वाईट दिवशी थोडं करायचं हे जमतं. चांगल्या दिवशी थोडंच करायचं, हे फार कठीण. लेखकांनी त्यासाठी घड्याळ लावायला सांगितलं आहे: दुखायला लागल्यावर थांबण्याऐवजी ठरलेली वेळ झाली की थांबायचं, आणि ती वेळ आठवड्यागणिक थोडी वाढवायची. घरच्यांना हे चमत्कारिक वाटतं. हसतखेळत काम करणारी बाई मध्येच उठून आडवी का होते, असा प्रश्न सासूबाईंना पडतोच. म्हणून ते पान त्यांनाही वाचायला द्यावं.

बायकांच्या कंबरेबद्दल आणखी एक. 'सीझरला पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून दुखते' हे वाक्य मराठी घरांत इतक्यांदा ऐकू येतं की ते सिद्ध झालंय असंच वाटतं. भूल दिलेल्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो. वर्षानुवर्षांच्या दुखण्याशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. बाळाला उचलणं, वाकून आंघोळ घालणं, अपुरी झोप, गरोदरपणात ताणलेले स्नायू आणि सांधे ही कारणं जास्त संभवतात. पण इंजेक्शनला दोष दिला की कारण भूतकाळात जातं आणि बाळाची आंघोळ रोज तशीच वाकून चालू राहते.

दुचाकीवर एक छोटं प्रकरण आहे, ते मोठं असायला हवं होतं. स्पीडब्रेकरवर सीटवरून किंचित उठणं, सामानाची पिशवी एका खांद्याला न लावता मध्ये ठेवणं, अर्ध्या तासाच्या प्रवासात एकदा थांबणं, एवढ्यावर ते आटपलं आहे. लक्ष्मी रस्त्यावर दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींवर मात्र लेखकांनी चांगलं लिहिलं आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. एक स्टूल, बस्स. गिऱ्हाईक नसताना टेकायला.

पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. खुबा दुखणाऱ्याने खुब्यापासून, रात्र जात नाही त्याने झोपेपासून सुरुवात करावी. फक्त पहिलं पान सगळ्यांनी वाचावं, आणि त्याचा मजकूर मी इथेही देतो, कारण प्रस्तावना चाळून पुस्तक परत ठेवणारे पुष्कळ असतात. संध्याकाळचा ताप आणि उतरत चाललेलं वजन यांच्या जोडीला पाठ दुखत असेल तर मणक्याचा क्षय तपासून घ्या. आपल्या देशात तो अजून आहे. पूर्वी कर्करोग झालेला असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, पायातली ताकद कमी होत असेल, तर थांबू नका. आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, तर हे पुस्तक आणि सगळ्यांचे सल्ले बाजूला ठेवून ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.